थोरलीचा पाय

राग कुणाच्या नाकावर असतो, कुणाच्या जिभेवर. त्या घरच्या थोरल्या सुनेचा राग हातात होता. तोंडानं ती फार बोलायची नाही, पण राग आला की इस्त्री अशी आपटायची की शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळायचं, आज बोलायला जाऊ नये. आणि गंमत बघा, राग तिच्या हातात, आणि घरादारानं बोट दाखवलं ते तिच्या पायाकडे.

घर लॉन्ड्रीवाल्यांचं. टेकडीवर चार लॉज होते, त्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल उताराच्या पायथ्याशी या घरी धुवायला यायचे. पुढे अंगण, अंगणात नळ आणि दगडी हौद, आत बॉयलरची खोली, तिच्या पलीकडे इस्त्रीची लांब खोली. त्या खोलीला खिडकी एकच, आणि तीही वाफेनं कायम आंधळी. थोरली लग्न होऊन आली ती त्या खोलीत शिरली, आणि तिचं सगळं तरुणपण त्या टेबलाशी उभं राहण्यात गेलं. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे तिला आत येणाऱ्याच्या कपड्यांवरून कळायचं.

मग थोरल्याचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे डोळे अधू झाले. गाडी तोच चालवायचा. एकदा त्यानं लॉजच्या फाटकाला गाडी घासली, आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता चाक हातात धरायचं नाही. धाकटा दीर तेव्हा बाहेर नोकरीला होता, इस्त्री केलेला शर्ट घालून सकाळी निघायचा. गाठोडी आणायचं विचारलं तर म्हणायचा, "मी हमाल आहे का?" तेव्हा सासरे म्हणाले, "थोरली शिकेल."

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. गुडघे गेलेले, कान शाबूत, बोलणं मोजकं. थोरली गाडी शिकली तेव्हा शेजारच्या सीटवर रोज आबा बसायचे. वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून, डोळे गच्च मिटून. "आबा, डोळे उघडा की," ती म्हणायची. "तू उघडे ठेव म्हणजे झालं," आबा म्हणायचे.

अशी ती शिकली. मागची सीट काढून टाकलेली जुनी गाडी, तिच्यात छताला टेकतील एवढी गाठोडी, आणि पुढे ही बाई, काच खाली करून. टेकडीवरचा वारा तोंडावर आला की तिला वाटायचं, हेच खरं जगणं, बाकी सगळी वाफ.

तर ती गाडी थरथरायला लागली.

एरवी नाही, ब्रेक दाबला की. टेकडीच्या उतारावर शेवटचं वळण आहे, तिथं गाडी भरलेली असायची आणि ब्रेक दाबावाच लागायचा. दाबला की स्टिअरिंग हातात असं नाचायचं, जसं कुणी चाळणी हलवतंय. पहिल्यांदा तिला वाटलं रस्ता खराब आहे. दुसऱ्यांदा सपाट रस्त्यावरही तेच झालं. मग ती गाडी घेऊन गॅरेजात गेली.

गॅरेजवाल्याला लोक हूंमिस्त्री म्हणत, कारण काहीही सांगा, तो आधी 'हूं' म्हणायचा. त्यानं विचारलं, "हात थरथरतात की बूड?"

"काय?"

"हात थरथरले तर पुढची चाकं. बसायची जागा थरथरली तर मागची."

"हात."

"हूं," मिस्त्री म्हणाला, आणि पुढची चाकं काढली. चाकाच्या आत लोखंडाची तबकडी असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन्हीकडून तिला पॅड आवळतात, आणि चाक थांबतं. तबकडी सरळ असेल तर गुपचूप थांबतं. तबकडी वाकडी झाली, जाडीत कमीजास्त झाली, की पॅड तिच्यावर धक्के खातात, आणि ते धक्के थेट हातापर्यंत येतात. मिस्त्रीनं दोन्ही तबकड्या लेथवर नेऊन तासून सरळ केल्या. गाडी लोण्यासारखी थांबायला लागली.

थोडे दिवस गेले, आणि पुन्हा तेच.

याच सुमारास धाकट्याची नोकरी सुटली होती. का सुटली ते त्यानं कुणाला धड सांगितलं नाही. तो घरी बसला, आणि घरी बसलेल्या माणसाला काहीतरी हवंच असतं, तसं त्याला ती गाडी दिसली. एकदा तो वहिनीबरोबर बसून उतारावरून आला. स्टिअरिंग थरथरलं तसा हसला.

"वहिनी, ब्रेक आहे तो. चादरीची घडी नाही."

"म्हणजे काय, भाऊजी?"

"म्हणजे तुम्हाला इस्त्री दाबायची सवय. तोच जोर पायात उतरलाय. डिस्क वाकणार नाही तर काय?"

हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की त्यानं ते संध्याकाळी भावाला सांगितलं, बायकोला सांगितलं, लॉजच्या मॅनेजरलाही सांगितलं. आठवडाभरात सगळ्या टेकडीला ठाऊक झालं, की लॉन्ड्रीवालीचा पाय जड आहे. लॉजचा रखवालदार फाटक उघडताना म्हणायचा, "सावकाश हं, ताई." ती सावकाशच यायची. तरी तो म्हणायचा.

थोरल्याचं काय सांगावं. माणूस वाईट नव्हता, पण शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं. बायको बोलली की म्हणायचा, "बरोबर आहे तुझं." भाऊ बोलला की म्हणायचा, "त्याचंही चुकीचं नाही."

दुसऱ्या खेपेला मिस्त्रीनं जुन्या डिस्क फेकून दोन्हीकडे नव्या घातल्या. किल्ली देताना चोरट्यासारखा म्हणाला, "ताई, जरा पाय हलका ठेवून बघा."

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते तिला त्या दिवशी कळलं. पण उतारावरून येताना गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवायला लागली, ब्रेकवर पाय असा टेकवायची जणू खाली झोपलेलं मूल आहे. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

आणि तरीही गाडी पुन्हा थरथरली.

त्या संध्याकाळी इस्त्रीच्या खोलीत डबल बेडच्या चादरींच्या घड्या चालल्या होत्या. मोठी चादर एकट्याला जमत नाही, दोघं लागतात. दोन टोकं याच्या हातात, दोन तिच्या, ताणायची, झटकायची, आणि चालत येऊन टोकाला टोक लावायचं. एका बाजूला थोरली होती, दुसऱ्या बाजूला धाकटा.

"सोमवारपासून गाडी मी घेतो," चादर ताणत तो म्हणाला.

"कुणी ठरवलं?"

"दादाशी बोललोय."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो अभ्रे मोजत होता, आणि अभ्रे मोजण्यात त्याला एवढा रस तिनं आजवर पाहिला नव्हता.

"अहो."

"अगं, तुलाही विश्रांती," तो म्हणाला. "आणि परत परत डिस्क बदलायच्या म्हणजे... त्याचंही चुकीचं नाही."

"मला विश्रांती? इथं?" तिनं टेबलाकडे, इस्त्रीकडे, आंधळ्या खिडकीकडे पाहिलं.

धाकटी जाऊ कोपऱ्यातून म्हणाली, "वहिनी, तुमच्यासारखी इस्त्री मला येतही नाही हो." ती हे गोड आवाजात म्हणाली, पण तिचे दुखणारे खांदे आतापासूनच सैल पडलेले दिसत होते.

"पाय हलका ठेवला होता मी," थोरली म्हणाली.

"ठेवला असेल," धाकटा चालत जवळ आला, टोकं तिच्या हातात दिली, "पण हलका म्हणजे किती, हे जड पायाला कसं कळणार?"

तिनं चादरीची अशी घडी घातली, की तिच्यात धाकटा असता तर पुन्हा उलगडला नसता. कुणी वर पाहिलं नाही. दारात आबा बसले होते, तेही काही बोलले नाहीत. ते तिला जास्त लागलं. शिकवताना शेजारी बसणारा माणूस, आणि आज तोंडात मूग धरून.

सोमवार यायच्या आधी ती पुन्हा गॅरेजात गेली. किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली नाही. एक स्टूल ओढलं आणि गाडीसमोर बसली.

"संध्याकाळी या," मिस्त्री म्हणाला.

"मी इथून हलणार नाही. माझ्यासमोर उघडायचं."

"ताई, गॅरेजात बायका—"

"मिस्त्री, चाक काढा."

मिस्त्री 'हूं' सुद्धा म्हणाला नाही. त्यानं डावं चाक काढलं. घड्याळासारखं तोंड असलेलं मापाचं यंत्र तबकडीला टेकवलं, तबकडी हातानं फिरवली. काटा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. मग उजवीकडे गेला. तिथं तबकडी फिरवली तसा काटा पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे.

"ही वाकलीय," मिस्त्री म्हणाला.

"आणि ती?"

"ती चांगली आहे."

थोरली स्टुलावरून उठली. "मागच्या वेळी कुठली वाकली होती?"

मिस्त्रीनं कपाळ पुसलं, काळं बोट कपाळावर उमटलं. "उजवीच जास्त होती. पण डिस्क जोडीनं बदलायच्या असतात."

"त्याच्या आधी?"

"हूं. उजवीच असेल."

"मिस्त्री, ब्रेकला पाय किती लागतात?"

"एक."

"चाकं किती थांबतात?"

मिस्त्रीनं एकदा डाव्या चाकाकडे पाहिलं, एकदा उजव्या.

"माझा पाय हत्तीचा आहे असं धरून चालू. मग डाव्या चाकावर काय मुंगी बसलीय का? मी दाबते ते दोन्हीकडे जातं ना? सारखंच जातं ना?"

"सारखंच जातं."

"मग हे तुम्हाला आज मी विचारल्यावर कळतंय? मला पाय हलका ठेवायला सांगितलंत तेव्हा हे उजवं चाक तुमच्या हातात होतं."

मिस्त्री एवढा मात्र भला, की खाली बसला आणि कामाला लागला. पॅड आवळणारा भाग उजवीकडे कुठे अडकून राहतोय का पाहिलं. हातानं मागेपुढे होत होता. बेअरिंग हलवून पाहिलं, घट्ट होतं. तबकडीमागची बैठक घासून पाहिली, गंज नव्हता. चाकाचे नट कुणी वेडेवाकडे आवळलेत का ते पाहिलं, ते त्यानंच आवळलेले होते आणि नीट होते. सगळं बरोबर, आणि तबकडी वाकडी.

शेवटी त्यानं ती तबकडी उजेडात धरली. एका बाजूला निळसर झाक होती.

"तापली असताना हिच्यावर पाणी पडतं," तो म्हणाला. "तापलेलं लोखंड एका बाजूनं एकदम गार झालं की वाकतं. वाटेत कुठे पाण्यातून जाते का गाडी?"

"वाटेत पाणी कुठलं? कोरडा उतार आहे."

"मग मला सांगता येत नाही. पण उजव्या चाकाचं काहीतरी होतंय, जे डाव्याचं होत नाही. मी ही तासून देतो. पुन्हा वाकली तर तुमच्या पायानं नाही, एवढं मी कुणालाही सांगेन."

"कुणालाही नको. माझ्या दिराला सांगा."

ती तिथून टेकडीवर गेली, गाठोडी भरली, आणि उतरताना शेवटच्या वळणावर मुद्दाम नेहमीसारखा ब्रेक दाबला. गाडी गुमान थांबली. ती घरी आली. डावी बाजू भिंतीला लावली, रोज लावायची तशी, आणि उतरून मागचं दार उघडलं.

आबा आपल्या बुटक्या स्टुलावर पाइप घेऊन बसलेच होते. हे रोजचंच. गाडी आली की आबा पुढचं उजवं चाक धुवायचे. डावीकडे भिंत, तिथं गुडघ्यांनी जाता येत नसे, आणि मागच्या चाकापर्यंत पाइप पुरत नसे. बाकीची चाकं थोरला रविवारी धुवायचा. आबांना एवढं एकच काम उरलं होतं, आणि ते त्यांनी कधी चुकवलं नव्हतं.

पाणी पडलं, आणि आवाज आला. चर्रर्र.

थोरलीच्या हातातलं गाठोडं तिथंच राहिलं. तो आवाज तिनं रोज ऐकला होता. पण त्या घरात तो आवाज दिवसभर व्हायचा. इस्त्रीवर पाण्याचा शिंतोडा मारला की चर्रर्र, बॉयलरच्या झाकणावर थेंब पडला की चर्रर्र. लॉन्ड्रीच्या घरात त्या आवाजानं कोण मान वर करतो?

ती गेली आणि तिनं नळ बंद केला.

आबांनी पाइपकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "काय गं?"

"आबा, तापलेलं असताना का धुता?"

"हे काय विचारणं झालं?" आबा म्हणाले. "मळ गरम असतानाच निघतो. गार झाल्यावर घासत बस." साऱ्या आयुष्यात त्यांनी गरम पाण्यातून चादरी काढल्या होत्या. धुण्याबद्दल त्यांना कुणी शिकवावं, असं घरात कुणी जन्मलं नव्हतं.

थोरली तिथं उभी राहिली. तिला राग ठेवायला जागा सापडेना. आठवडेच्या आठवडे तिनं तो राग धाकट्यासाठी जपून ठेवला होता, तापवून, घासून, धार लावून, आणि आता समोर कोण, तर हे गुडघे गेलेलं म्हातारं, ज्यानं तिच्या भरवशावर डोळे मिटून उतार पार केले होते. क्षणभर तिच्या मनात आलं, जाऊ दे. मग तिला ती आंधळी खिडकी आठवली. गप्प बसलं की सोमवारी तिथं.

तेवढ्यात धाकटा बाहेर आला. "काय झालं, वहिनी? पुन्हा थरथरली?"

"नाही," ती म्हणाली. "आणि थरथरत होती ती माझ्या पायानं नाही. आबा तापलेल्या चाकावर गार पाणी मारतात, म्हणून उजवी डिस्क वाकते. उजवीच. तिन्ही वेळा उजवीच. डाव्या चाकाला आबा पोचत नाहीत, ते शाबूत आहे. खात्री करायची तर मिस्त्रीला विचारा."

धाकट्यानं आबांकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर दया आली. ती त्याला पाहिजे तेव्हा यायची. "वा, वहिनी. आता म्हाताऱ्या माणसावर ढकलायचं का?"

मगाचं गाठोडं उचलून तिनं त्याच्या पायाशी टाकलं, लॉजभरच्या टॉवेलांचं, आणि काही बोलणार, तोच आबा उठले. आबांना उठायला वेळ लागायचा. आधी भिंत, मग गाडीचं बॉनेट. दोघंही वाट बघत उभे राहिले.

"ती ढकलत नाही," आबा म्हणाले. "मीच धुतलंय. रोज मीच." मग धाकट्याकडे वळले, आणि आवाज चढला. "तू तिच्या पायाला नावं ठेवत होतास, तेव्हा तुला दोन चाकं दिसली नाहीत? आणि मी दारात बसून ऐकत होतो. मला वाटलं, असेल बुवा, हा शिकलेला आहे."

"आबा, मला काय माहीत—"

"माहीत नव्हतं तर टेकडीभर कशाला सांगितलंस?"

मग आबा थोरलीकडे वळले. "आणि तू. माझ्या हातात पाइप असताना नळ बंद करतेस?"

"करते," थोरली म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी दारात बसून एक शब्द बोलला नाहीत, आबा. नळ बंद केला त्याचा राग येतो तुम्हाला. त्याचा नाही आला."

आबांनी पाइप गुंडाळला, नळावर अडकवला, आणि भिंत धरून आत गेले. त्या दिवशी ते जेवायला उशिरा आले आणि कुणाशी बोलले नाहीत.

सोमवारी थोरलीच गाडी घेऊन गेली. थोरला म्हणाला, "बरोबर आहे तुझं." धाकटा त्या वेळी जवळ नव्हता, म्हणून ते तसंच राहिलं. गठ्ठे वाढले होते, इस्त्रीला हात कमी पडत होते, तेव्हा धाकटा टेबलाशी उभा राहिला. पहिल्या दिवशी त्यानं एक अभ्रा जाळला. तो जळका अभ्रा थोरलीनं दोरीवर सगळ्यांना दिसेल असा वाळत घातला. धुतलेला होता, म्हणून वाळवला, एवढंच.

आबा दुसऱ्या दिवसापासून पुन्हा स्टुलावर. गाडी आली की पाइप पायाशी ठेवून बसायचे. मग बोटं ओली करून चाकाच्या आत एकच थेंब झटकायचे, इस्त्री तापली का बघतात तसा, आणि कान देऊन ऐकायचे. चर्र झालं की हात मांडीवर. लॉजवाल्याचा माणूस एकदा गाडीजवळ बादली घेऊन गेला, तर आबांनी त्याला असा झापला की तो बादली तिथंच सोडून पळाला. चाक गार व्हायला बराच वेळ लागायचा. तोवर आबा राखण करत बसायचे. थोरली दार उघडून गाठोडी काढायची. दोघांचं बोलणं हळूहळू सुरू झालं, पण त्या दिवसाबद्दल नाही.

डिस्क काही पुन्हा वाकली नाही. शेवटच्या वळणावर ती आता ब्रेक दाबायची तो मनापासून दाबायची. रखवालदार 'सावकाश' म्हणाला की काच खाली करून विचारायची, "का? तुमच्या फाटकाला काही झालंय का?"

एका संध्याकाळी मोठ्या चादरी घडी करायच्या होत्या. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला धाकटा. ताणलं, झटकलं. धाकटा चादरीकडे बघत म्हणाला, "गाडी आता नाही ना थरथरत?"

"नाही."

"बरं झालं."

ती थांबली. पुढे काहीतरी येईल म्हणून थांबली, चादर ताणून धरून. पण त्याचं तेवढंच होतं, बरं झालं. इतके दिवस टेकडीभर फिरवलेल्या तिच्या पायाचा हिशेब त्यानं दोन शब्दांत मिटवला. तिनं आपली टोकं अशी ओढली, की त्याच्या हातातली सुटली आणि चादर सबंध जमिनीवर पडली.

जमिनीला लागलेली चादर परत धुवायची, हा त्या घरचा नियम. बाहेर स्टुलावरून आबांनी विचारलं, "पडली का गं?"

"पडली," थोरली म्हणाली. "भाऊजी धुतात."

धाकट्यानं तिच्याकडे पाहिलं, मग खाली वाकला, चादर गोळा केली आणि हौदाकडे गेला. तिनं गाडीची किल्ली कमरेला खोचली आणि पुढची चादर उचलली.